पाऊस नाही, तरी टिनाखाली टपटप

एका वाचक ताईंचं पत्र :

"आमचं घर नागपूरच्या महाल भागात आहे, आजेसासऱ्यांच्या काळचं. दरवर्षी कवेलू (मातीची कौलं) फेरायला माणूस मिळेनासा झाला म्हणून २०२१ मध्ये आम्ही कवेलू उतरवून रंगीत टिना, म्हणजे पत्रे, टाकल्या. जुने सागवानी वासे तसेच ठेवले आणि खाली पीओपीचं सिलिंग केलं. सिलिंगच्या वर माळ्याची जागा आहे, झडपेतून चढता येतं. कबुतरं शिरायची म्हणून दोन्ही टोकांचे झरोके तेव्हाच बुजवले. आता डिसेंबर-जानेवारीत पहाटे सिलिंगवर टपटप आवाज येतो. पावसाचा पत्ता नसतो, पण वर हात लावला तर टिना ओल्या. मिस्त्री दोनदा येऊन प्रत्येक स्क्रूवर सिलिकॉन लावून गेला, फरक पडला नाही. आता तो म्हणतो, पूर्ण छपरावर कोटिंग मारू, ४० हजार लागतील. पावसाळ्यात बेडरूमच्या सिलिंगवर काळे डागही येतात. तिथे एसी आहे. गेल्या भाद्रपदात माळ्यावरून महालक्ष्म्यांचं सामान काढलं तर साड्यांवर बुरशी होती. सासूबाई म्हणतात, कवेलूच्या घरात असं कधी झालं नाही. मुलाचा खोकला जात नाही. काय करू?"

ताई,

तुमच्या सासूबाईंचं म्हणणं खरं आहे आणि मिस्त्रीचं निदान चुकलेलं आहे. ते ४० हजार आत्ता खर्च करू नका. कोटिंग टिनेच्या वरच्या बाजूला लागेल. तुमचं पाणी खालच्या बाजूला तयार होतंय.

माझ्या शब्दावर विसंबू नका, घरीच तपासून बघा. थंडीच्या दिवसांत, आभाळ निरभ्र असेल अशा पहाटे साडेपाच-सहाला टॉर्च घेऊन झडपेतून वर डोकवा. त्याआधी माळ्यावरच्या वायरिंगचा एमसीबी बंद करायला विसरू नका, कारण ओल्या माळ्यावर उघडा जोड असला तर जिवावर बेतू शकतं. छप्पर गळत असेल तर पाणी एखाद्या स्क्रूपासून किंवा दोन पत्र्यांच्या जोडापासून ओघळताना दिसेल आणि बाकीचा पत्रा कोरडा असेल. तुमच्याकडे मला खात्रीने वाटतं की पत्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक थेंबांनी भरलेला दिसेल, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसा. ऊन चढलं की दहा-अकरापर्यंत सगळं वाळून जाईल. त्यामुळे दुपारी येणाऱ्या मिस्त्रीला काही दिसत नाही आणि तो पुन्हा सिलिकॉनची नळी काढतो. अजून शंका राहिली तर पत्र्याचा वीतभर भाग कोरडा पुसून त्यावर ॲल्युमिनियम फॉइल चारही कडांनी चिकटवा. सकाळी फॉइलच्या खालच्या, म्हणजे तुमच्याकडच्या बाजूवर थेंब आले तर ते हवेतलं पाणी आहे. फॉइल काढल्यावर आत ओल सापडली तर पत्र्यातून गळतंय.

हे पाणी येतं तुमच्याच घरातून. चार-पाच माणसांच्या घरात श्वास, घाम, स्वयंपाक, आंघोळ आणि आत वाळत घातलेले कपडे मिळून दिवसाला आठ-दहा लिटर पाणी वाफ होऊन हवेत मिसळू शकतं. गरम हवा ही वाफ धरून ठेवते, थंड हवेला ते जमत नाही. २२ अंशांच्या हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त साधारण १९ ग्रॅम वाफ मावते, ८ अंशांना जेमतेम ८ ग्रॅम. रात्रीचा स्वयंपाक आवरल्यावर तुमच्या घरातल्या हवेत १२-१३ ग्रॅम सहज असेल. ती हवा पंख्याच्या हुकाभोवतीच्या भोकांतून, सिलिंगच्या दिव्यांच्या खाचांतून, झडपेच्या फटीतून वर सरकते, कारण गरम हवा वरच जाते. वर तिची गाठ पडते पत्र्याशी. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा मोकळ्या आभाळाखाली रात्रभर उष्णता सोडत राहतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही काही अंश गार होतो. नागपूरची थंडी लहान असली तरी निरभ्र असते. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तर पारा ४ अंशांच्या खाली गेला होता. मग घनमीटरमागे ती वरची चार-पाच ग्रॅम वाफ पत्र्यावर पाणी होऊन बसते. तुमच्या माळ्याएवढ्या जागेत एका वेळी पाऊण पेलाभर पाणी झालं. पण खालून हवा येत राहते आणि हे रात्रभर चालतं, म्हणून टपटप ऐकू येते.

कवेलूत हे का होत नव्हतं? भाजलेली माती जाड असते, पत्र्यासारखी चटकन गार पडत नाही. थोडं दव आलंच तर ती शोषून घेते आणि उन्हात परत देते. त्याहून मोठं कारण असं की कवेलूंचं छप्पर म्हणजे शेकडो बारीक फटींची चाळणी. चुलीचा धूर त्यातूनच जायचा, वाफही जायची. पूर्वी कुणी माळ्याच्या वायुवीजनाचा वेगळा विचार केला नाही, कारण करावाच लागला नाही. तुम्ही टिना टाकल्या तेव्हा त्या फटी गेल्या, वर झरोकेही बुजवले. पत्रे टाकण्यात काही चूक नाही. फक्त कवेलू जे काम गुपचूप करत होते ते आता ठरवून करावं लागेल.

झरोक्यांचं दुखणं मला जवळचं आहे. आमच्याही घरी कबुतरांना कंटाळून वडिलांनी माळ्याचे दोन्ही झरोके विटांनी चिणले होते. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि विटा मीच उचलून दिल्या होत्या. दुसऱ्या पावसाळ्यानंतर आईने ट्रंक उघडली तर तिच्या लग्नातला शालू घडीवर फाटत होता. तिने कुणाला दोष दिला नाही. शालू उन्हात टाकला आणि कितीतरी वेळ त्याच्याजवळ बसून राहिली. तुमच्या पत्रातलं महालक्ष्म्यांच्या साड्यांचं वाक्य वाचलं तेव्हा मला तो दिवस आठवला. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

कामाचा क्रम फार महत्त्वाचा आहे. बहुतेक जण छपराला भोक पाडण्यापासून सुरुवात करतात, तिथे फसगत होते. आधी खालून वर जाणारी वाफ थांबवा. पहिल्यांदा बाथरूम बघा. तुम्ही लिहिलेलं नाही, पण पीओपी झालेल्या घरांमध्ये मी वारंवार पाहिलंय की एक्झॉस्ट पंख्याचं तोंड सिलिंगच्या वर, माळ्यातच सोडून दिलेलं असतं. खालून बघताना पंखा फिरतो, आरसा साफ राहतो, सगळं छान वाटतं आणि गिझरच्या आंघोळीची सगळी वाफ माळ्यात जाते. असं असेल तर ४ इंची पीव्हीसी पाइप जोडून ते तोंड भिंतीबाहेर काढा. पाइपाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे आत जमलेलं पाणी पंख्यावर परत येणार नाही. स्वयंपाकघरातली चिमणीही तपासा. ज्या चिमणीला बाहेर जाणारा पाइप नाही ती तेल आणि वास अडवते, वाफ मात्र घरातच परत सोडते. साधा एक्झॉस्ट पंखा भिंतीत असेल तर तो भात-वरणाच्या वेळी लावत जा; तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

मग भोकं बुजवा. पंख्याच्या हुकाभोवती आणि वायरच्या भोकांत पुट्टी, झडपेच्या कडेला दाराला लावतात ती फोमची पट्टी, झडपेला खालून एक खिट्टी म्हणजे ती घट्ट बसेल. गोल एलईडी दिव्यांच्या कडा सील करा, पण त्यांच्या पाठीवर कापूस किंवा चिंध्या टाकू नका. त्यांना उष्णता सोडायला जागा लागते. हे काम घरचा माणूस एका रविवारी करू शकतो, खर्च हजाराच्या आत. आणि माझ्या मते निम्मं दुखणं इथेच संपतं.

आता हवा खेळवण्याकडे येऊ. नियम सोपा आहे : खालून आत, वरून बाहेर. वळचणीजवळ हवा शिरायला जागा आणि आढ्याजवळ निघायला जागा. दोन्हींत जितकं उंचीचं अंतर तितका ओढा चांगला. किती जागा लागते, याचं एक प्रमाण अमेरिकेतल्या घरबांधणीत रूढ आहे. तिथल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने १९४२ मध्ये माळ्याच्या क्षेत्रफळाच्या ३०० व्या भागाइतकी मोकळी जागा ठेवायला सांगितलं होतं. आज तिथे १५० वा भाग हे मूळ प्रमाण धरतात आणि काही अटी पाळल्या तर ३०० वा चालतो. तो हिशेब बर्फाच्या प्रदेशासाठी बांधलेला आहे, नागपुरासाठी नाही. पण हिवाळ्यातल्या पत्र्याखालच्या दवाला तो लागू पडतो. आपल्याकडे सिलिंग कधीच पूर्ण हवाबंद नसतं, म्हणून मी १५० वा भागच धरायला सांगेन.

तुमचं घर २० बाय ३० फूट धरलं तर माळा ६०० चौरस फुटांचा आणि मोकळी जागा ४ चौरस फूट. त्यातली निम्मी खाली, निम्मी वर. ऐकायला मोठं वाटतं, पण ३० फुटांच्या दोन्ही वळचणी मिळून ६० फूट लांबी आहे. त्यात २ चौरस फूट म्हणजे सलग अर्ध्या इंचापेक्षाही कमी फट. आणि बहुधा ती तुमच्याकडे आधीच आहे. पत्र्याच्या लाटा भिंतीवर टेकतात तिथे प्रत्येक लाटेखाली एक छोटी पोकळी असते. मिस्त्रीने ती सिमेंटने किंवा फुगणाऱ्या पीयू फोमने बुजवली असणार, कारण सगळेच बुजवतात. ते खरवडून काढायला सांगा आणि तिथे पाव इंची जस्ती जाळी मारा. तिच्यातून खार, चिमणी, वटवाघूळ शिरत नाही आणि हवा जाते. मच्छरजाळी मात्र नको. मे महिन्यातल्या आपल्या धुळीने ती एका हंगामात गच्च भरते, मग असून नसल्यासारखी. जाळीच्या तारा थोडी जागा खातात, म्हणून फट इंचभर मिळाली तर उत्तम.

वरच्या बाजूला दोन मार्ग आहेत. एक, आढ्यावरची टोपी (दोन्ही पाखांचा जोड झाकणारा वाकवलेला पत्रा) दीड-दोन इंच उचलून खाली ठोकळे द्यायचे आणि टोपीचे पंख दोन्ही पाखांवर निदान नऊ इंच येतील इतके रुंद ठेवायचे, म्हणजे जूनमधल्या वादळी पावसाचा तिरपा मारा आत येणार नाही. चांगला फॅब्रिकेटर असेल तर हे काम सर्वांत सुरेख होतं. दुसरा मार्ग तुमच्यासाठी सोपा आणि स्वस्त : बुजवलेले झरोके पुन्हा उघडा. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत जितक्या वर शक्य तितक्या वर, प्रत्येकी दीड बाय दीड फुटाचे झरोके घ्या, तिरप्या पट्ट्यांचे, आतून तीच पाव इंची जाळी लावलेले. तिरप्या पट्ट्या आणि जाळीने अडलेली जागा वजा केली तरी दोन्हींची मिळून २ चौरस फुटांच्या आसपास जागा निघेल. कबुतरांचा प्रश्न जाळीने सुटतो, विटांची गरज नव्हती. महालात घरं खेटून असतात. शेजारच्या भिंतीने एक झरोका अडणार असेल तर मग आढ्याची टोपी उचलण्याशिवाय इलाज नाही.

कुणी तुम्हाला छपरावर वाऱ्याने गरगर फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर सुचवेल. कारखान्याच्या शेडवर तो ठीक आहे. तुमची अडचण आहे थंडीतल्या पहाटेची, आणि तेव्हा नागपुरात वारा पडलेला असतो. शिवाय वळचण बुजलेली ठेवून तो बसवला तर बाहेरची हवा न मिळाल्याने तो खालून तुमच्या खोल्यांतलीच वाफाळ हवा वर ओढेल. विजेचा पंखा बसवला तर हे आणखी जोरात होईल. मी तुमच्या घरात दोन्ही लावणार नाही.

एवढं करूनही एखाद्या कडाक्याच्या पहाटे थोडं दव दिसेल, कारण हवा खेळवली म्हणून पत्रा गरम होत नाही. ते दुपारपर्यंत उडून गेलं आणि टपकलं नाही तर काळजी नको. हात सैल असेल तेव्हा टिनेच्या खालून फॉइल लावलेली ८-१० मिलिमीटरची फोम शीट सलग चिकटवून घ्या. मग हवा गार पत्र्याला शिवतच नाही. मे महिन्यात वरच्या खोल्यांची भट्टीही कमी होते. माझ्या मते ४० हजारांतले पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करावेत.

पावसाळ्याचं गणित वेगळं आहे आणि त्यात मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच वाफेने भरलेली असते. तेव्हा झरोके उघडे ठेवून माळा खडखडीत कोरडा होणार नाही. तो बाहेरइतका होईल, एवढंच. त्यातून एक फसवं दृश्य तयार होतं : उकाड्यानंतर जोराची सर येते, टिना क्षणात गार पडतात आणि आतल्या दमट हवेचं पाणी त्यांच्या खालच्या बाजूला उमटतं. पाऊस चालू आहे आणि आतून पत्रा ओला आहे, म्हणजे छप्पर गळतंय, असं कुणालाही वाटेल. पुढच्या वेळी मिस्त्रीला बोलावण्याआधी तीच फॉइलची परीक्षा करा. कूलरचंही इथे बोलायला हवं. आपण नागपूरकर मेमध्ये कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवतो, नाहीतर अंग चिकट होतं, हे पोरांनाही माहीत असतं. मेच्या तापलेल्या टिनेवर त्या ओलाव्याने काही बिघडत नाही. पण पहिल्या पावसानंतरही सवयीने पाणी भरून कूलर चालू राहतो, खिडकी पावसामुळे लावलेली असते, आणि मग तो ओलावा वर जातो. मृग बरसला की कूलरची पाण्याची मोटर बंद करा, नुसता पंखा चालू द्या.

बेडरूमचे काळे डाग हे दुसरंच दुखणं आहे. झरोक्याने ते जाणार नाही, उलट थोडं वाढूही शकतं. पावसाळ्यात बाहेरच्या हवेतली वाफ साधारण २४ अंशांच्या गार पृष्ठभागावर पाणी व्हायला लागते. तुमचा एसी खोली २० अंशांवर नेतो, पीओपी खालून गार होतं आणि माळ्यातली दमट हवा त्याच्या पाठीवर पाणी सोडते. पीओपी ते पितं आणि बुरशी खालच्या रंगातून वर येते. दोन गोष्टी करा. पावसाळ्यात एसी २६ वर ठेवा, पंखा सोबत लावा. आणि त्या खोलीपुरतं सिलिंगच्या पाठीवर २५ मिलिमीटरचे एक्सपीएस फोमचे (थर्माकोलसारखे, पण जास्त घट्ट) बोर्ड कडेला कड लावून, सांध्यांवर टेप मारून अंथरा. ते हलके असतात, सिलिंगला झेपतात, फक्त दिव्यांच्या पाठीभोवती जागा सोडा. सैल कापूस किंवा जुन्या गाद्या टाकू नका, त्या ओल धरतात.

डाग पुसताना कोरडा ब्रश मारू नका, बुरशीचे कण घरभर उडतात. एन-९५ मास्क लावून साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, फडकं फेकून द्या, पूर्ण वाळल्यावरच रंग द्या. पीओपीचा भाग बोटाने दाबल्यावर भुसभुशीत लागला तर तेवढा तुकडा कापून नवा बसवा. वाशांना पेचकसाचं टोक रोवून बघा, विशेषतः वळचणीकडची टोकं. सागवान चिवट असतं. टोक आत गेलं नाही तर निश्चिंत रहा. लोण्यासारखं गेलं तर आधी सुतार, मग बाकी सगळं. मुलाच्या खोकल्यासाठी डॉक्टरांकडे जालच, त्यांना घरातल्या बुरशीबद्दल आवर्जून सांगा. तोवर त्याला त्या बेडरूममध्ये झोपवू नका.

शेजारीपाजारी हे वाचतील म्हणून एक गोष्ट : तुमच्या टिना आहेत, पण ज्यांच्या छपरावर जुने सिमेंटचे पत्रे आहेत त्यांनी झरोक्यासाठी त्यांत ड्रिल किंवा कटर चालवू नये. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुफ्फुसात जाणं धोक्याचं आहे. त्यांनी भिंतीतूनच वाट काढावी.

कामाची वेळ फेब्रुवारी-मार्च ठेवा. होळीनंतर टिनेवर चढणं मुश्कील होतं आणि मेअखेर एकही मिस्त्री मोकळा सापडत नाही. चढणाऱ्याला सांगा, पाय स्क्रूंच्या ओळीवरच, म्हणजे खालच्या आधारावर ठेवायचा. मधे पत्रा दबला की खरंच गळायला लागेल.

महालक्ष्म्यांचं सामान मात्र आजच खाली आणा. साड्या दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर पसरा, मऊ ब्रशने बुरशी घराबाहेर झटका, मग धुण्यासारख्या असतील त्या धुवा. जरीच्या असतील त्या ड्रायक्लीनिंगवाल्याला डाग दाखवून द्या. नंतर प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, जुन्या धुतलेल्या सुती धोतरात बांधून खालच्या कपाटात ठेवा. मुखवटे आणि पितळी भांडी पुसून ठेवली की पुरे. माळ्यावर ते पुढच्या थंडीपर्यंत न्यायचं नाही. आणि तेव्हाही, आधी एका निरभ्र पहाटे टॉर्च घेऊन पत्रा बघून या.